भीमेपलीकडची ताडी

कुर्डुवाडी मागे पडली तेव्हा डब्याच्या खिडकीबाहेर धुक्याखेरीज काही नव्हतं. त्या धुक्यात मधूनच ज्वारीचं एखादं रान उगवायचं, कणसं ओली, वाकलेली, आणि पुन्हा विरून जायचं. रात्रभराच्या प्रवासाने डोळे जड झाले होते. शेजारचा म्हातारा प्रवासी म्हणाला, "आलं सोलापूर," तेव्हा मला आधी दिसल्या त्या गिरण्यांच्या चिमण्या. त्यांचे बुंधे धुक्यात बुडाले होते आणि वरची टोकं तेवढी हवेत तरंगत होती.

मी चिपळूणच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्याकडे दिवाळीनंतर अंबादास नावाचा विणकर चादरींचं गाठोडं घेऊन दारोदार फिरत यायचा. त्याच्या चादरींवरचे मोर, कमळं, चौफुल्या मला इतक्या आवडायच्या की एका वर्षी तो म्हणाला, "मास्तर, असं लांबून किती बघणार? घरी या की. मागावर बसून बघा." सत्तरच्या दशकाचा मधला काळ होता तो. जानेवारीत मला आठ दिवसांची रजा मिळाली आणि मी निघालो.

अंबादासचं घर शहराच्या पूर्व भागात होतं. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत संसार. त्या गल्लीत शिरलं की मागांचा खटक-खटक असा आवाज चारी बाजूंनी यायचा, आणि थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा व्हायचा, समुद्राजवळ राहणाऱ्याला गाज ऐकू येत नाही तसा. घरात सगळे एकमेकांशी तेलुगू बोलत आणि माझ्याकडे वळले की मराठी. अंबादासची बायको पद्मावहिनी. तिने पहिल्याच सकाळी मला सर्वपिंडी (तांदळाच्या पिठात शेंगदाणे घालून थापलेलं खमंग थालीपीठ) वाढली आणि मी संकोचाने तिसरी नको म्हणालो तर ऐकलं नाही.

घरात आणखी एक माणूस होता. अंबादासचे वडील, मल्लय्या. पंचाहत्तरीचे असतील. गिरणीत उभं आयुष्य गेलेलं, छातीत कापसाची धूळ बसलेली. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास घ्यायचे. मी त्यांना बाबा म्हणू लागलो. मी नक्षी उतरवताना ते शेजारी बसत आणि माझी रेघ चुकली की नुसतं बोट ठेवत.

ते दिवस गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या ग्रामदैवताच्या यात्रेचे होते. खेड्यापाड्यांतून माणसं शहरात लोटली होती. एका दुपारी मी नंदीध्वजांची मिरवणूक बघून आलो. उंचच उंच काठ्या माणसांच्या डोक्यांवरून डुलत चालल्या होत्या आणि वरून खारका-खोबऱ्याचा प्रसाद उधळावा तसा ऊन-सावलीचा खेळ चालला होता. घरी आलो तर बाबा रिकामा तांब्या घेऊन ओट्यावर बसले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "जरा माझ्यासंगं चला. एक कागद वाचायचाय."

चार गल्ल्या पलीकडे ताडीचं दुकान होतं. दाराला कुलूप, कुलपाच्या वर चिकटवलेला सरकारी कागद. मी मोठ्याने वाचला. यात्रेच्या काळात शहरात आणि तालुक्यात दारूची आणि ताडीची सगळी दुकानं बंद राहतील, बाहेरून आणणाऱ्यावर कारवाई होईल.

"परवाचा दिस बी त्यात हाय का?"

मी पुन्हा तारखा बघितल्या. "आहे, बाबा."

तेवढ्यात भिंतीला टेकलेला एक माणूस जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तात्या, मागच्या बोळात मिळंल की. हातभट्टीची हाय, पण कडक."

बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चोरीची नको," म्हणाले, आणि चालू लागले.

वाटेत थांबत, श्वास घेत त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे थोरले भाऊ राजन्ना. आई-बाप लहानपणीच गेले, अन्नाने (थोरल्या भावाने) त्यांना वाढवलं. दोघे तेलंगणातून पायी निघून गिरणीच्या कामासाठी सोलापुरात आले. गावाकडे ताडी पाण्यासारखी प्यायची सवय. इथेही दिवसभर साच्यावर (गिरणीतल्या मागावर) उभं राहून आलं की एक मडकं दोघांत. मग स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली. ताडाच्या झाडांना मडकी बांधायचीसुद्धा बंदी झाली. अन्ना हातभट्टीकडे वळले, आणि एका तशा विषारी घोटाने दोन दिवसांत गेले. तेव्हापासून बाबा दरवर्षी त्या तिथीला अन्नाच्या नावाने तांब्याभर ताडी जमिनीवर ओततात. बंदी कडक होती तेव्हा नदीपलीकडे जाऊन. पुढे दुकानं उघडली तशी इथेच.

"ज्या चोरीच्या दारूनं त्यो मेला, ती त्येला कशी पाजू?" ते म्हणाले.

संध्याकाळी घरात यावरून बोलणं झालं. अंबादास वडिलांना म्हणाला, "या वर्षी पाणी ओता, नाना. काय बिघडतंय? यात्रेत माझं दुकान मांडलंय, मला हलता यायचं नाही." पद्मावहिनी भाकरी थापत होती. तिने तव्यावरची नजर न काढता मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं मास्तर, दुकानं बंद ठेवतात ते चांगलं की वाईट?"

मी गुळमुळीत काहीतरी म्हणालो.

"माझा बाप पिऊन यायचा," ती म्हणाली. "वर्षातले हे यात्रेचे दिवस आई आम्हाला शांत झोपवायची. बंद राहिली तर कायमची राहू देत, माझं काही म्हणणं नाही." मग तिने भाकरी उलटली. "पण मामय्यांचं (सासऱ्यांचं) वेगळं आहे. तुम्ही घेऊन जा त्यांना नदीपलीकडे. तिकडे दुसरं राज्य, तिकडे उघडी असतात. आणायची नाही, तर माणूस तरी तिथवर जाऊ दे."

तिथीच्या सकाळी आम्ही विजापूरच्या बाजूला जाणारी एसटी धरली. पद्मावहिनीने एका कापडी पिशवीत भाकरी, शेंगाची चटणी आणि बाबांचा तांब्या दिला. त्यातच मी माझी चित्रांची वही आणि कुंचले धुवायची बुचाची बाटली टाकली. शहर सुटलं आणि दोन्हीकडे काळी रानं पसरली. धुकं अजून जमिनीला धरून होतं. बाबांना पुलावरून चालत जायचं होतं, म्हणून नदीच्या थोडं अलीकडेच उतरलो. तिथे एका शेतात गोवऱ्यांच्या आगट्यात कणसं भाजत होती. शेतकऱ्याने विचारपूस न करता बसवून घेतलं आणि हातावर चोळून गरम हुरडा पुढे केला.

"कुटं निगालाव?" त्याने विचारलं.

"पल्याड. भावाला भेटाया," बाबा म्हणाले.

"मग खा की पोटभर. पल्याड असा हुरडा न्हाय."

भीमा हिवाळ्यात बारीक झाली होती. रुंद वाळवंट, मध्ये दोन-तीन निळसर पट्टे, आणि त्या पट्ट्यांवरून वाफ निघत होती. पुलाच्या अलीकडच्या टोकाला पोलिसांचा नाका होता. जाताना आम्हाला कुणी हटकलं नाही. पुलाच्या मध्यावर बाबा थांबले. एका बाजूला बंदी, दुसऱ्या बाजूला मोकळीक, आणि खाली पाणी दोन्ही काठांना सारखंच लागून चाललेलं. मी तिथे कठड्याला टेकून उभा होतो तेव्हा आपण नक्की कुठल्या राज्यात आहोत, हेच मला कळेना. बरं वाटलं ते.

पलीकडच्या काठावर शिंदीची झाडं होती; तिकडे शिंदीच्या रसालाही ताडीच म्हणत. त्यांच्या गळ्याशी मडकी बांधलेली. झाडांखाली पाल्याचं एक छप्पर आणि त्यात एक कानडी बाई. "बर्री (या)," ती म्हणाली, पण ताडी देईना. तिथेही कायदा होताच. दहाच्या आधी विकायची नाही, आणि प्यायची ती तिथेच. सूर्य वर चढला की ताडी आंबू लागते. बाबांना पहाटेची गोड हवी होती. ते हसले. "अन्नाला कडकच आवडायची," म्हणाले.

आम्ही वाळूत बसून राहिलो. धुकं हळूहळू उचललं गेलं. आधी पाणी दिसलं, मग पाण्यातले खडक, मग खडकांवरचे बगळे. किती वेळ गेला ठाऊक नाही. बाबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या छातीची घरघर पाण्याच्या आवाजात मिसळून गेली होती. त्या बाईने हाक मारली तेव्हा दोघेही झोपेतून उठल्यासारखे उठलो.

तांब्या भरून घेऊन बाबा पाण्याच्या कडेला गेले. तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मला फक्त "अन्ना" कळलं. मग त्यांनी पांढरी, फेसाळ ताडी धार धरून वाळूवर ओतली. वाळूने ती लगेच पिऊन टाकली. तळाशी उरला तो एक घोट त्यांनी घेतला आणि तांब्या धुऊन आणला.

मीही एक पेला चाखला. आंबटगोड, किंचित झोंबणारी. आणि इथे मी एक गोष्ट केली. चिपळूणला मित्रांना दाखवायला म्हणून, बाबांची पाठ वळलेली असताना, मी माझी बाटली भरून घेतली, बूच घट्ट दाबलं आणि पिशवीच्या तळाशी घातली. दारावरचा कागद मीच वाचून दाखवला होता. तरी केली.

परतताना ऊन चांगलं तापलं होतं. नाक्यावर हवालदाराने थांबवलं. पिशवी कठड्यावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली होती. "काय हाय यात?" असं तो विचारतोय तोच आतून फट्ट आवाज झाला. बूच उडालं. ताडीचा आंबूस वास सुटला आणि पिशवीच्या तळातून फेस गळू लागला.

हवालदाराने शांतपणे बाटली बाहेर काढली. "कुणाची ही?"

बाबांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एका क्षणात सगळं कळलं असावं.

"माजी हाय," ते म्हणाले.

हवालदाराने वही उघडली. नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, वय विचारलं. बाबा श्वास घेत घेत सांगत होते. मी बाजूला उभा. माझ्या डोळ्यांसमोर शाळा आली, मुख्याध्यापक आले, नोकरी आली. पुलाच्या मध्यावर एक बैलगाडी होती. ती हळूहळू चालत आमच्यापर्यंत आली, आम्हाला ओलांडून गेली, तेवढा वेळ मी गप्प होतो.

मग म्हणालो, "बाटली माझी आहे. यांना माहीत नव्हती."

हवालदाराचं लिहिणं थांबलं. "मग आत्तापर्यंत काय करत होतात?" त्याने विचारलं.

त्याने बाटली कठड्यावरून नदीत उपडी केली. मी काय करतो ते विचारलं. शिक्षक म्हटल्यावर त्याने वहीतला एक कोरा कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. "लिवा. पुन्हा असं करणार नाही. सही करा." मी मुलांकडून लिहून घेतो तसं लिहिलं, सही केली. बाबांचं नाव लिहिलेलं पान त्याने फाडून चुरगळलं आणि खिशात घातलं. "म्हाताऱ्याला उन्हात उभा करू नका," म्हणाला, आणि आम्हाला जाऊ दिलं.

एसटीत बाबा रागावलेले दिसत नव्हते. शेवटी मीच विचारलं, "बाबा, तुम्ही का म्हणालात तुमची म्हणून?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर ज्वारी वाऱ्यावर एका बाजूला कलत होती.

"बंदी आली त्या साली आमच्या खोलीत मडकं सापडलं," ते म्हणाले. "मी लपवल्यालं. पोलिसानं विचारलं, कुणाचं? अन्ना म्हणाला, माजं. मी गप बसलो." थांबून त्यांनी श्वास घेतला. "त्येला तुरुंगात नेलं. सुटून आला तवा गिरणीनं काम दिलं न्हाय. मग त्यो हातभट्टीला लागला."

मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी बोललाव की," ते म्हणाले. "उशीर झाला, पण बोललाव. मी बोललो न्हाय."

थोड्या वेळात त्यांचा डोळा लागला. डोकं माझ्या खांद्यावर. मी स्टँड येईपर्यंत हललो नाही.

दोन दिवसांनी मी निघालो. निरोप घेताना बाबांनी नक्षीच्या वहीची पानं उलटून बघितली. ताडीने भिजून त्यांना पिवळसर डाग पडले होते आणि दोन मोर पार फिसकटले होते. ते मोर परत काढून दे, असं त्यांनी अंबादासला सांगितलं. पद्मावहिनीने वाटेसाठी चटणी बांधून दिली आणि मला विचारलं नाही की नाक्यावर काय झालं. बाबांनी तिला सांगितलं नसावं.

चिपळूणला मित्रांनी प्रवासाचं विचारलं तेव्हा मी उडालेल्या बुचाची गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले. पुढे कितीतरी बैठकांत ती सांगितली, आणि प्रत्येक वेळी बूच उडाल्याबरोबर मी लगेच म्हणायचो की बाटली माझी आहे. मधली बैलगाडी मी कधी कुणाला सांगितली नाही. सोलापुराविषयी तुम्हा वाचकांसाठी लिहायला बसलो तेव्हा पहिला मसुदा तसाच झाला होता. तो वाचून बायको म्हणाली, छान आहे, पण तो म्हातारा 'उशीर झाला, पण बोललाव' असं का म्हणाला ते समजत नाही. म्हणून तो फाडला आणि हा लिहिला.