नवरंगाचा भाऊबंद आणि काचेची भिंत

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर माझी भाची मुक्ता मला घ्यायला आली ती थेट कामावरून, बुटांचा चिखलही न पुसता. ती इथल्या विद्यापीठात पक्ष्यांवर संशोधन करते. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तोआ पायोहच्या तिच्या फ्लॅटवर पोहोचेपर्यंत मी झाडं, पूल पाहिले आणि तिची अखंड बडबड ऐकली.

दुसऱ्या दिवशी आमटीसाठी खोबरं शोधायला फ्रीझर उघडला, तर पिशवीत निळ्या पंखांचा मेलेला पक्षी! मी जन्माची शाकाहारी. अशी किंचाळले की मुक्ता ओल्या केसांनीच धावत आली.

"अगं मावशी, अभ्यासासाठी ठेवलाय. आपल्या नवरंगाचा भाऊबंद आहे हा. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी इथे येतो आणि समोरच्या काँडोच्या काचेवर आपटतो. काचेत झाडं दिसतात ना, त्याला वाटतं पुढे जंगलच आहे."

काँडो म्हणजे पोहण्याचा तलाव वगैरे असलेली खासगी सोसायटी. काचेवर बाहेरून ठिपके चिकटवले की पक्ष्यांना ती दिसते. पण तिथल्या मॅनेजरबाईंना त्याने शोभा जाईल असं वाटत होतं. मुक्ताच्या ईमेलना त्यांनी उत्तर देणंही सोडलं होतं.

पुढच्या सकाळी मुक्ता त्या काचेखाली पाहणीला निघाली, मीही गेले. वाटेत हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांचा मोठा मंडप) काया टोस्ट, म्हणजे नारळाचा गोड लेप लावलेला पाव, खाल्ला. फार आवडला. त्या लेपात अंडं असतं हे दुसरा संपवल्यावर कळलं. मुक्ता हसत सुटली.

काँडोच्या काचेखाली मात्र तिचं हसू गेलं. तिथे तसाच एक पक्षी पडला होता, अजून गरम. मीच त्याला ओंजळीत उचललं. एवढासा जीव समुद्र ओलांडून आला आणि इथे मेला! मला रडू आलं आणि मग भयंकर राग आला.

"ईमेल पुरे झाले," मी म्हणाले. "चल त्या बाईंकडे, आत्ताच्या आत्ता."

मी पक्षी टेबलावर ठेवून ठिपक्यांचं काढलं, तशा मॅनेजरबाई खुर्चीतून उठल्याच. "ऑन्टी, कॅनॉट लाह! रेसिडेंट्स विल कम्प्लेन!" ('लाह' म्हणजे आपल्या 'हो'सारखं, इथे वाक्याला जोडतात.)

"ही इज युवर गेस्ट," मी माझ्या इंग्रजीत ठणकावलं. "लुक ॲट हिम."

त्यांनी पाहिलं. मग एका बोटाने त्याच्या निळ्या पंखाला हळूच स्पर्श केला. 

"वन पॅनल ओन्ली. ट्राय फर्स्ट, कॅन?"

आम्ही घामाने निथळत दिवसभर ठिपके चिकटवले. माझी एक ओळ वाकडी गेली, मुक्ताने ती सगळी काढून परत लावायला लावली. रविवारी मॅकरिचीच्या जंगलात तिने मला त्याच जातीचा पक्षी जिवंत दाखवला. पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत किडे वेचत होता, आमच्याकडे ढुंकूनही न बघता.

पुण्याला परतल्यावर लोक सिंगापूरच्या उंच इमारतींबद्दल विचारायचे. मला आठवायचा तो काचेचा पायथा. तिथे मेलेला प्रत्येक पक्षी मला स्वतःची हार वाटत होता, म्हणून मुक्ताच्या निरोपाची रोज वाट पाहायचे.

शेवटी तो आला. ठिपक्यांच्या काचेवर एकही पक्षी आपटला नव्हता. शेजारच्या काचेवर मात्र त्याच सकाळी एक गेला होता.

मी लगेच फोन लावला. "मुक्ता, पुन्हा जा त्या बाईंकडे."

"मावशी, हळू बोल," ती कुजबुजली. "त्यांच्या केबिनबाहेरच बसलेय."