सत्तावन्न किलोच्या आत

माझ्या भाचीचं वजन मी एका दुपारीत पाच किलोनं उतरवलं. त्यासाठी तिला धावावं लागलं नाही की उपाशी राहावं लागलं नाही. ते सगळं नंतर. मी फक्त एक फॉर्म भरला.

मी कॉलेजच्या जिमखान्यात कारकून आहे. जिन्याखाली माझं ऑफिस: एक टेबल, एक कपाट, फुटबॉलांची जाळी आणि ओल्या बुटांचा कायमचा वास. स्पर्धांचे फॉर्म मीच भरतो. त्या दिवशी जेवणानंतर चौदा भरायचे होते आणि डोळ्यांवर झापड होती. ज्युदोचा फॉर्म हातात आला तेव्हा मी गेल्या वर्षीचा समोर ठेवला आणि सुंदर अक्षरात उतरवून काढला. वजनगट: सत्तावन्न किलोच्या आत. गेल्या वर्षी ते खरं होतं. यंदा ती बासष्ट भरत होती. ज्युदोच्या सरांनी न वाचता सही केली, कारण ते कधीच वाचत नाहीत. भाचीनं न वाचता सही केली, कारण फॉर्म मामानं भरला होता.

यादी लागली तेव्हा स्पर्धेला एकोणीस दिवस उरले होते. मी आयोजकांच्या ऑफिसात फोन केला. पलीकडेही कारकूनच होता. "यादी लागली की बदल नाही," तो म्हणाला. वर्षानुवर्षं मी लोकांना ज्या आवाजात हे सांगत आलोय, अगदी त्याच आवाजात.

भाची आमच्याकडे राहायला आली ती सतराव्या वर्षी, एक बॅग आणि ज्युदोचा जाडाभरडा पांढरा पोशाख घेऊन. तिचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानासमोरच्या हॉलमध्ये ज्युदोचा वर्ग चाले, आणि पोरगी दुकानात लुडबुड करते म्हणून नवव्या वर्षी तिला तिकडे धाडली. गोळाफेक मात्र तिला माझ्या ऑफिसात लागली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी तिथे चार किलोचा एक जुना गोळा लावून ठेवत असे. एकदा डबा द्यायला आली, गोळा पायात आला, तर तिनं एका हातानं उचलून बाहेर भिरकावला. बाहेर गोळाफेकीच्या मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या पायावर पडता पडता राहिला. दुसऱ्या कुणी कानउघाडणी केली असती, मॅडमनी नाव लिहून घेतलं.

तेव्हापासून तिचे दोन गुरू आणि एकच पोट. सर म्हणायचे, "हलकी राहा." मॅडम म्हणायच्या, "खा." पहाटे साडेपाचला मॅट, मग तास, चारला मैदान, आणि संध्याकाळी रसायनशास्त्राच्या पुस्तकावर गाल टेकून झोप. "ही पोरगी शिकते कधी?" असं आमची ही विचारायची. मी म्हणायचो, "जिना चढताना."

मी एकदा भाचीला विचारलं होतं, दोन दोन कशाला? ती म्हणाली, "ज्युदोत समोर कुणीतरी असतं. हरले तर तिच्या नावानं बोटं मोडता येतात. गोळा टाकताना मी एकटीच. एकानं डोकं तापतं, दुसऱ्यानं निवतं." दोन्ही खेळांत पहिल्या दोघींना विद्यापीठाच्या संघात घेतात. तिला यंदा दोन्हीकडे जायचं होतं. आमच्या कॉलेजात तसं कुणाला जमलेलं नव्हतं, निदान माझ्या रजिस्टरात तरी नाही.

ज्युदोनंतर पाचच दिवसांनी गोळाफेक होती. सर आणि मॅडम माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून भांडले.

"पाच किलो काय, उतरतात," सर म्हणाले. "मी सात उतरवलेत."

"दिसतंय," मॅडम सरांच्या पोटाकडे बघत म्हणाल्या. "परत आले वाटतं सगळे."

भाचीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघते."

मग घरात काट्याचं राज्य सुरू झालं. सकाळी काटा, रात्री काटा. रात्रीचं जेवण म्हणजे अर्धी वाटी भात आणि काकडी. तिच्यासमोर मला घास गिळवेना, म्हणून मीही अर्धंच जेवू लागलो. आठवड्यानं ती दोन किलो उतरली आणि मी अडीच. मी काट्यावर उभा राहून आकडा जरा मोठ्यानं वाचला, तर ही म्हणाली, "उतरा खाली. तुम्हाला कुणी संघात घेणार नाहीये."

अकराव्या दिवशी ती एकोणसाठवर होती. त्या संध्याकाळी मी मैदानावर गेलो होतो. एरवी तिचा गोळा सव्वाअकरा मीटरवर पडे. त्या दिवशी दहालाही पोचला नाही. मॅडमनी फीत पुन्हा लावून बघितली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "अजून दोन किलो उतरवून ज्युदो खेळशील, पण पाच दिवसांत हात परत येईल का, सांग."

भाची घरी येऊन पानावर बसली आणि मामीकडे भात मागितला. पूर्ण. वर दोन अंडी. मामीनं वाढलं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मामा, नियमांचं पुस्तक आण."

ते पुस्तक माझ्याकडे नऊ वर्षं होतं, उघडलं त्या दिवशी. गैरहजर राहिलं तर पुढचं वर्षभर बंदी. वजन जास्त भरलं तर फक्त यंदा बाद.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं. सर बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. "दहा वर्षं केलंस. दोन किलोसाठी सोडतेस?"

"सोडत नाहीये, सर. यंदा उतरवत नाहीये, एवढंच."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी फुटबॉल मोजू लागलो.

वजनाच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. काटा एकसष्ट किलो चारशेवर थांबला. पंचांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिला. "पोरी, सत्तावन्नचा गट आहे हा. थोडा तरी प्रयत्न केला होतास का?"

"केला होता. मग जेवले."

त्यांनी नावापुढे 'बाद' लिहिलं. मला वाटलं, आता घरी जाऊ. ती गेली नाही. हाताची घडी घालून त्रेसष्ट किलोच्या गटाच्या सगळ्या लढती बघत बसली. तो तिचा खरा गट. तिथे जी पहिली आली, तिला माझ्या भाचीनं वर्षभरात दोनदा पाडलं होतं. हे मला सरांनी सांगितलं.

पाच दिवसांनी गोळाफेकीत शेवटच्या फेकीपर्यंत ती चौथी होती. शेवटचा गोळा अकरा मीटर बासष्टवर पडला. दुसरी आली. मॅडमनी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की पहिली आलेली मुलगीही दचकली.

ती पायऱ्यांवर बसून मनगटाची पट्टी सोडत होती. मी शेजारी जाऊन बसलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला हलकं वाटत होतं.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "माझ्या चुकीनं तुझं भलंच झालं म्हणायचं. एकाच खेळावर लक्ष राहिलं."

तिनं पट्टीची नीट गुंडाळी केली आणि म्हणाली, "नाही मामा. माझी दोन्हीत निवड झाली असती."