सोळावा नारळ

एका व्रताला चार नेम चिकटतात, तसे आमच्या गॅरेजच्या एका गोष्टीला चार किस्से चिकटलेले आहेत. बहुतेकांत चूक माझीच, म्हणून सांगताना पदर आपोआप तोंडाशी जातो.

शेर-रतल चालायचे तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका शेठने आपली शर्यतीची जुनी विलायती मोटार पनवेलला आमच्याकडे आणून लावली. ह्यांना म्हणाला, "हलकी करा आणि तुम्हीच चालवा. जिंकलात तर माझ्या सगळ्या मोटारी तुमच्याकडे." गॅरेज तेव्हा ओस पडलं होतं. हरलो तर कुलूप लावून उरणला दिरांच्या मिठागरावर जायचं, हे ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मी सोळा सोमवार धरले.

*

पहिल्या दिवशी स्टेपनी निघाली, मग दारं, मग गालिचा. उरलेल्या लोखंडाला आमचे हसनमिस्त्री भोकं पाडत बसले.

ह्यांना डबा द्यायला गेले आणि थालीपिठाचा कालथा तिथेच विसरून आले. संध्याकाळी परत आणला, तर त्याला सात भोकं.

मिस्त्री म्हणाले, "माफ करा भाभी. मला वाटलं गाडीचाच आहे."

*

मग मिस्त्रींची नजर ह्यांच्या पोटावर गेली. "मालक, गाडीत सगळ्यात जड सामान आता तुम्हीच."

हेही माझ्याबरोबर सोमवार करू लागले. चार सोमवारांनी वखारीच्या काट्यावर उभे राहिले, तर दोन शेर वाढलेले!

"भाभी, उपासाला काय देता?"

काय सांगणार? प्रसादाचा चूर्मा टाकायचा नसतो. तूप-गूळ घातलेला, उरेल तेवढा मी मंगळवार-बुधवारपर्यंत ह्यांनाच वाढत होते.

*

खरी लाज पुढेच आहे.

दर मंगळवारी मोटार वखारीच्या काट्यावर चढायची. चूर्मा बंद झाला, हे वाळले, पत्र्याची चाळण झाली. पण वजन हवं तेवढं उतरेना. हे मिस्त्रींवर चिडायचे, मिस्त्री काट्यावर.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मिस्त्री मटकन खाली बसले. "मालक, कापायला आता माझी दाढीच राहिली."

मला राहवेना. मी जाऊन मागचं स्टेपनीचं झाकण उघडलं. स्टेपनी काढल्यापासून त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. आत सोळा नारळ. दर सोमवारच्या पूजेतला एक, मोटारीवर देवाची नजर राहावी म्हणून मी गुपचूप ठेवत गेले होते. उद्यापनाला महादेवाला वाहायचे होते.

हे एकेक नारळ बाहेर काढत राहिले. मिस्त्रीच शेवटी हळू आवाजात म्हणाले, "भाभी, एवढ्यात तर स्टेपनी ठेवता आली असती."

नारळ टोपलीत भरून खाली मानेने घरी आले. देवापुढे मोजले, तर पंधरा. सोळावा कुठे राहिला, हे विचारायला परत जायचं तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी देवापुढून उठलेच नाही. दिवेलागणीला दोघं आले. मिस्त्रींच्या गळ्यात झेंडूचा हार. "भाभी, बुधवारपासून शेठच्या गाड्या येतात," म्हणाले.

ह्यांनी कोटाची बटणं सोडली, आतून नारळ काढला आणि माझ्या ओंजळीत ठेवला.

मिस्त्री बघतच राहिले. "मालक, हा गाडीत होता?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या उद्यापन ना? मोजून घे."