रिकामी तर सगळीच हलकी

"ही सॅक हाय का रुमाल?"

रविवारी सकाळी माणच्या चौकात आमचा ट्रेकचा ग्रुप जमला, की काकू एकेकाची सॅक वरच्या बंदाला धरून उचलत, जरा हलवून बघत आणि हे विचारत. उत्तरासाठी थांबत नसत. ज्याची सॅक सगळ्यात पातळ, त्याला वर आणखी एक प्रश्न असे, "आन् दुपारच्याला कुणाचं खाणार?"

बहुतेक वेळा तो काकूंचंच खायचा.

मी त्यांच्या भाड्याच्या खोलीत राहायची. मी मूळची सोलापूरकडची, नोकरी इथल्या आयटी पार्कात. त्यांच्या शेतावर कंपन्या उभ्या राहिल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर, आम्ही भाडेकरू पोरं-पोरी दर रविवारी जातो कुठे ते बघायला एकदा आमच्याबरोबर आल्या. अंगात पंजाबी ड्रेस, पायात मुलाचे जुने बूट. पुढच्या रविवारी त्याच सगळ्यांच्या आधी चौकात हजर होत्या.

असे ग्रुप तुम्हीही पाहिले असतील. आमच्या ग्रुपला तीनेक वर्षांपूर्वी हलकेपणाचं वेड लागलं. लीडर आमच्याच ऑफिसातला, तिशीतला, गोड बोलणारा. त्याने कुठेतरी वाचलं की खरा ट्रेकर हलका चालतो. झालं. पोरांनी टूथब्रशचे दांडे कापले, सॅकच्या लेबलांवर कात्री चालवली, आणि आत ना फ्रेम ना कमरेला पट्टा अशा, रेनकोटच्या कापडासारख्या सॅक आणल्या. हलकं चालण्यात वाईट काहीच नाही. ज्याला कमी सामान पुरतं त्याने खुशाल तसं चालावं. माझा राग वेगळाच आहे. दुपार झाली की हेच हलके लोक "काकू, मीठ आहे?", "काकू, सुई आहे?", "काकू, थोडं पाणी?" करत त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. ग्रुपचं पातेलं, दोर आणि औषधांची पेटी तर कायमची काकूंच्याच सॅकमध्ये. म्हणजे यांच्या हलकेपणाचं ओझं वाहायच्या काकू, आणि सॅक जड म्हणून टोमणेही त्यांनीच खायचे.

ती सॅक आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. त्याच्या आधी काकूंचं ऑपरेशन झालं होतं. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. डॉक्टरांनी बजावलं की त्या खांद्यावर ओझं नको, पट्टा रुतता कामा नये, हात सुजेल. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् कमरंवर?" डॉक्टर हसले. म्हणाले, जखम पूर्ण भरू द्या, ताकद येऊ द्या, मग कमरेवर बेताने चालेल.

म्हणून आम्ही शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी सगळ्यात हलकी सॅक पुढे केली, बोटावर टांगून दाखवली. काकू म्हणाल्या, "रिकामी तर सगळीच हलकी असत्यात. भरून दाव." मग त्यांनी त्याच्याच दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या, दोर, दोन तंबू असं हाताला लागेल ते एकेका सॅकमध्ये कोंबून जिना चढायला आणि उतरायला सुरुवात केली. हलकी सॅक पाठीवर नुसती लोंबायची, सगळा भार खांद्यांना ओढायचा. एक फारच आरामशीर होती, जाड गाद्या, कप्प्यांत कप्पे, पण ती रिकामीच एवढी जड की काकू म्हणाल्या, "हिला न्यायला दुसरं कुणीतरी पायजे." शेवटी मधली एक निघाली. आत पाठीला धरून अॅल्युमिनियमची पट्टी, कमरेला रुंद पट्टा. तो पट्टा आवळून त्यांनी खांद्याचे बंद सैल सोडले. डाव्या बंदाखालून हात फिरवून बघितला. जिन्यावरून हात सोडून उतरल्या.

परत येताना मला म्हणाल्या, "ग्रुपात बोलू नको. बाई आजारी हाय म्हणलं की लोकं तिच्या हातातलं काम काडून घेत्यात." मी बोलले नाही.

एवढी यातायात कशासाठी, तेही मला ठाऊक होतं. काकूंचं माहेर घाटाच्या धारेखाली, कोकणातल्या एका वाडीत. लग्नाच्या वेळी त्यांना सह्याद्रीची जुनी घाटवाट चढवून वर आणलं होतं आणि वरून ट्रकने माणला. नंतर माहेरी जाणं व्हायचं ते ताम्हिणीच्या रस्त्याने, एसटीने. "ज्या वाटेनं चडून आले, त्या वाटेनं येकदा उतरायचं हाय," असं त्या म्हणायच्या. आणि त्या थंडीत ग्रुपने नेमकी तीच वाट ठरवली. पदर खोचून तयारी म्हणतात तशी काकूंनी केली. महिनाभर रोज सकाळी भरलेली सॅक घेऊन त्या आमच्या इमारतीचे जिने चढत-उतरत होत्या, आणि आम्ही भाडेकरू हातात ब्रश घेऊन त्यांना वाट करून देत होतो.

घाटमाथ्यावर कोळवणच्या एका माणसाच्या जीपने पोचलो. तीच जीप रस्त्याने फिरून खाली वाडीत येऊन आम्हाला घेणार होती. नाश्ता झाल्यावर लीडरने खिशातून वजनाचा काटा काढला. आदल्या रात्री त्याने म्हणे ग्रुपवर नियम टाकला होता, अमुक वजनाच्या वर सॅक चालणार नाही. एकेकाची सॅक टांगली गेली, टाळ्या पडल्या. काकूंची टांगली तसा काटा भलताच खाली गेला.

"काकू, हा पट्टा आणि आतली पट्टी निघते बघा. काढून टाकू. किती फरक पडेल."

"पट्टा निगायचा न्हाई."

"अहो, नियम सगळ्यांना सारखा," असं हसत म्हणत तो स्वतःच पट्टा सोडवायला लागला. पातेलं काढावं, दोर काढावा, पेटी काढावी, हे त्या शहाण्याला सुचलं नाही. सुचला तो पट्टाच.

काकूंनी त्याचा हात धरला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माजं हिकडचं काडलंय. खांद्यावर वजन चालत न्हाई, कमरंवर चालतंय. म्हणून पट्टा हाय. आता समजलं का?"

लीडरचा आवाज एकदम मऊ झाला आणि तिथेच मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. "काकू, आधी सांगायचं ना. मग तर तुम्ही उतरूच नका. उगाच रिस्क नको. तुम्ही आरामात जीपने या, आम्ही खाली भेटतोच."

"मगा सॅकचा नियम व्हता. आता माजा झाला का?"

मी चढ्या आवाजात बोलले, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, महिनाभर ही बाई जिने चढते आहे, तुमच्या निम्म्या लोकांपेक्षा दमदार आहे. तो म्हणाला, "तू इमोशनल होते आहेस. काही झालं तर जबाबदारी कुणाची?" इतके महिने पातेलं कुणाच्या पाठीवर होतं, तेव्हा ही जबाबदारी कुठे गेली होती?

मग त्यांनी काकूंच्या सॅकमधून ग्रुपचं सामान काढलं. ते ठेवायला एकाच्याही सॅकमध्ये जागा निघेना. दोर एकाने गळ्यात घातला. पातेलं आणि औषधांची पेटी शेवटी जीपमध्येच टाकली. काकूंची सॅक आता नियमात बसत होती. पुन्हा काटा कुणी लावला नाही.

मग काकूंना जीपपाशी ठेवून ते सगळे उतरायला लागले. मी म्हटलं, आपण दोघी उतरू. पण वाट दाखवायला घाटमाथ्यावरच्या वस्तीतून घेतलेला गडी त्यांच्याबरोबर निघून गेला होता, आणि रानात बुजलेली ती वाट इतक्या वर्षांनी काकूंनाही सापडली नसती. "पुडच्या थंडीत येऊ," त्या म्हणाल्या. "आपुन दोगीच."

पुढच्या थंडीपर्यंत दुखणं हाडांत उतरलं होतं. गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. ग्रुपवर त्यांचा फोटो आला, त्याखाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली, आणि लीडरने लिहिलं, 'आमची प्रेरणा हलक्या पावलांनी निघून गेली.' हलक्या पावलांनी म्हणे. मी त्याच मिनिटाला ग्रुप सोडला. आजही तो माणूस ऑफिसच्या लिफ्टमध्ये दिसला तर मी जिन्याने जाते.

त्या दिवशी जीपमध्ये काकूंनी सॅक उतरवली नाही. पट्टा आवळलेला, त्यामुळे त्यांना सीटच्या कडेला टेकूनच बसावं लागत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, सॅक मागं टाका की. लांब हाय अजून." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." एका वळणावर समोर अख्खा कडा दिसला तेव्हा त्यांनी त्याला गाडी थांबवायला लावली. खाली नुसती झाडी होती, वाट कुठेच दिसत नव्हती. त्यांनी बोट केलं.

"त्या झाडीतनं चडले. लगीन लागलं त्याच दिशी. आय खाली पाराजवळ हुबी व्हती, मी पार वर जाईस्तवर. पाय सटकंल म्हणून मला कुणी मागं बगू दिलं न्हाई."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"उतरताना तसं न्हाई," काकू म्हणाल्या. "उतरताना त्वांड तिकडंच असतंय."