किल्लीनं खरवडलेली भिंत

सिएटलच्या जुन्या डाउनटाउनमध्ये मी फुटपाथवरून चालत नाही, रस्त्याच्या कडेनं चालतो. गाड्या हॉर्न देतात, आणि बायको दहा पावलं पुढे जाऊन ओळख नसल्यासारखं दाखवते. पण सिटीच्या नोकरीत इमारती तपासण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला तिथे वर बघितल्याशिवाय राहवत नाही.

शहराचा हा भाग एकदा जळून खाक झाला. मग लोकांनी विटांच्या इमारती बांधल्या, रस्ते एक मजला वर उचलले आणि जुने फुटपाथ तळघरात गेले. अजून कुठेकुठे पायाखाली जांभळ्या काचेचे तुकडे बसवलेले दिसतात. त्यांतून खाली उजेड जायचा. टुरिस्ट कौतुकानं फोटो काढतात. मला त्या पोकळीची भीती वाटते, आणि वरच्या विटांची त्याहून जास्त. कित्येक भिंतींत लोखंडाची एक सळई नाही. मोठा भूकंप येणार हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कधी ते माहीत नाही.

आम्हा तपासनिसांची एक साधी रीत होती. विटांमधल्या चुन्यावर किल्लीनं ओरखडा काढायचा. किल्ली घसरली तर बरं, वाळू गळली तर धोका.

गेल्या वर्षी मुलीचा फोन आला. ती लहान मुलांची डेंटिस्ट आहे, जन्मही इथलाच. "बाबा, क्लिनिकची जागा फायनल केली. डाउनटाउन, थर्ड फ्लोअर. मस्त जुनी ब्रिक वॉल आहे."

पत्ता मी लगेच ओळखला. ती इमारत फार पूर्वी मीच तपासली होती. त्या दिवशी पाऊस होता, लिफ्ट बंद होती आणि मला कंटाळा आला होता. खाली दाराशी दोन ठिकाणी खरवडलं, तिथे चुना नुकताच भरलेला होता, किल्ली घसरली. वर न जाताच मी 'धोका नाही' असं लिहून सही ठोकली. फोनवर मात्र मी नुसतं "छान" म्हणालो. महिनाभर तेवढंच म्हणत राहिलो, भित्रा कुठला.

क्लिनिक उघडलं त्या सकाळी गेलो. छताला कागदी मासे टांगलेले, भिंतीला लागून छोटी खुर्ची. मुलगी आत हात धूत होती. मी खुर्चीमागे वाकून किल्ली फिरवली. वाळू गळायला लागली. किल्ली बाजूला घेतली तरी गळतच राहिली.

"बाबा, काय करतोयस?" ती मागे उभी होती, हसत. "रिलॅक्स. मी सगळं चेक केलंय. सिटीच्या रेकॉर्डमधून जुना रिपोर्ट काढला, तर खाली तुझीच सही. मग मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही."

बाहेर पहिली पेशंट आली होती, पाचेक वर्षांची, आईचा हात धरून.

"त्यांना घरी पाठव," मी म्हणालो. "मी तेव्हा वर आलोच नव्हतो."