टाकीतला हुंकार

निडीचा नाथा दोरी धरायचा, एवढंच त्याचं काम. धाटावच्या एका केमिकल कंपनीत जमिनीखालच्या टाक्या धुवायला मुराद उतरायचा. आखातातून हात हलवत परत आलेला माणूस. त्याच्या कंबरेच्या दोरीचं दुसरं टोक घेऊन नाथा टाकीच्या तोंडाशी बसायचा. खाली वायू साठला तर माणूस ओरडत नाही, गुमान आडवा होतो. म्हणून दोघांनी आपली तोड काढलेली: नाथाने वरून गोष्ट सांगायची, मुरादने खालून हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की दोरी ओढायची.

गोष्टी नाथा मोबाइलवर ऐकून यायचा. मुरादला एकच लागायची: जग जळून गेलंय, वरची हवा विखारी, उरलेली माणसं जमिनीखाली शंभर मजल्यांत कोंडलेली.

“येडा झालास काय रं? दिवसभर खड्ड्यात, नि गोष्ट पन खड्ड्याचीच?”

“त्यांचा खड्डा बरा हाय, नाथा. दरवाजा आतून लागतो. विख भायेर, मानूस आत. आपला समदा उलटा. तिकडं हवेसाठी सगले जीव टाकतात. हतं पंखा मागितला तं जितेश सुपरवायझर बोलतो, उद्या. बरं, गोष्टीतल्या त्या बाईने वरचा दरवाजा उघडला का?”

“उद्या सांगतो,” नाथा हसला.

उद्या उजाडला, तर साहेब लोकांची पाहणी होती. मुराद खाली उतरला, नाथाने गोष्ट सुरू केली, तोच जितेश धावत आला. “काय कीर्तन लावलंय? तोंड बंद!”

नाथाने तोंड बंद केलं. कंत्राटी माणसाला गेटबाहेर काढायला कागदसुद्धा लागत नाही. गोष्ट नाही म्हणून हुंकार नाही. खालचा ब्रश कधी थांबला ते पंपाच्या घरघरीत कळलं नाही. शेवटी दोरी ओढली तेव्हा वर ओझं आलं, मुराद नाही.

त्याच्या बायकोला, हुस्नबानोला, सांगितलं गेलं की तो न विचारता उतरला.

महिन्याने टाकीशी निळी पाटी लागली: ‘आतील कामगाराशी सतत बोलत राहावे.’ कल्पना जितेशची म्हणून त्याला शाल-नारळ. टाळ्या वाजवायला नाथालाही उभं केलं. त्याने वाजवल्या.

आता खाली अर्शद उतरतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, “नाथादा, तुमी गोष्ट सांगता ना? सांगा की.”

“पाटीवर बोला लिवलंय, गोष्ट नाय लिवली. हायस ना?”

“हाय.”

“हायस ना?”

“हाय, दादा.”

शिफ्ट सुटेपर्यंत तेवढंच.