जमादारकाकांचा समुद्रापारचा पंचनामा

बंद दाराबाहेर उभं राहून, आत चाललेला पत्त्यांचा डाव पैशांचा आहे की करमणुकीचा, हे जमादारकाका नेमकं सांगत. मी एकदा त्यांना त्यातलं गुपित विचारलं. "सोपं हाय पोरी," ते म्हणाले. "करमणुकीच्या डावात मान्सं भांडतेत. पैशाच्या डावात कुनी बोलत न्हाई."

पोलिसातली बरीचशी नोकरी त्यांनी जुगाराचे अड्डे हुडकण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर ते हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात येऊन राहिले. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या घराला लागून. सकाळी पेपर वाचायला म्हणून यायचे, ते जेवायच्या वेळेलाच उठायचे.

खेळाचा त्यांना राग नव्हता. राग होता लबाडीचा. जत्रेत रिंगा टाकायचा खेळ आला, की काका आधी रिंग हातात घेत आणि मांडलेल्या प्रत्येक वस्तूवरून ती खालपर्यंत उतरते का, ते बघत. एका वर्षी घड्याळाच्या डब्यावर ती अडकली. खेळवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, पोटावर पाय देऊ नका."

"खेळ बंद कर म्हन्लं का मी? डबा बदल."

डबा बदलल्यावर पहिली रिंग काकांनी स्वतः पैसे देऊन टाकली. नेम चुकला. "आता बराबर हारलो," असं म्हणत ते खुशीत घरी गेले.

एका सकाळी रुक्मिण दुकानात आली. तिचा नवरा नामदेव मेंढरं राखायचा आणि रानात बसल्या बसल्या मोबाईलवर रमी खेळायचा. तो भलीमोठी रक्कम जिंकला होता, निदान स्क्रीनवर तसं दिसत होतं. पण ती हातात यायची तर आधी 'कर' भरा, असं ॲप सांगत होतं. त्यासाठी येत्या बाजारी मेंढरांचं सगळं खांड विकायला तो निघाला होता. काकांनी त्याला बोलावून घेतलं.

"जिंकणाऱ्यानंच वरून पैसे भरायचे? असला अड्डा म्या जन्मात बघितला न्हाई."

"परदेशी कंपनी हाय काका. लायसनचा नंबर बी देलाय, बघा." नामदेवनं फोन पुढे केला. नंबराखाली कुठल्याशा बेटाचं नाव होतं. मी नकाशात ते शोधून दाखवलं. चहूकडे निळं पाणी आणि मधे एक ठिपका. काकांनी चष्म्यावरून त्या ठिपक्याकडं बराच वेळ बघितलं.

"हे कोन्या ठाण्याच्या हद्दीत येतं?"

मी हसले, पण शोधलं. त्या बेटावर जुगाराचे परवाने देणारं सरकारी कार्यालय होतं. काका खुर्चीत सरळ बसले. आधी ते नामदेवला घेऊन हिंगोलीला सायबर पोलिसांत तक्रार नोंदवून आले आणि मग बेटाला लिहायला घेतलं. "उत्तर येईस्तोवर एक बी मेंढरू विकायचं न्हाई," असं नामदेवकडून वदवून घेतलं.

पत्र कसलं, पंचनामाच तो! 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की...' पंच म्हणून समोरचा चहावाला आणि शेजारचा शिंपी. मी त्याचं इंग्रजी केलं, फोटो जोडले आणि ईमेल पाठवला.

"ते लोक आपल्याला काहून उत्तर देतील?" नामदेव कुरकुरला. काका मात्र रोज येऊन विचारत, "टपाल आलं का?"

बाजाराच्या आदल्या दिवशी व्यापारी मेंढरं बघून गेला. नामदेवचा धीर सुटत चालला होता. बाजाराच्या सकाळी मी दुकान उघडलं, तर उत्तर आलेलं. तिथल्या अधिकारी बाईंनी लिहिलं होतं, की तो नंबर कधीच बंद पडलेल्या दुसऱ्याच कंपनीचा आहे, या ॲपला आम्ही परवाना दिलेला नाही, त्याचं नाव आम्ही सावधगिरीच्या यादीत टाकलं आहे; पैसे भरू नका. काकांना आणि नामदेवला बोलावून मी ते मराठीत वाचून दाखवलं. नामदेव पायरीवर खाली बसला.

"म्हंजे मी जिंकलोच नव्हतो?"

काका रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हारला बी न्हाईस लेका. तो डावच नव्हता." मग माझ्याकडं वळून लहान पोरासारखे म्हणाले, "बघ पोरी, तिथं बी एक जमादार हाय!"

रमी खेळायला नामदेवनं ॲपमध्ये आधी भरलेले पैसे काही परत आले नाहीत. खांड मात्र वाचलं. त्यानंतर काका भेटेल त्याला सांगत, "जिथून खेळ चालतो तिथला आन् जिथं खेळतेत तिथला, दोघं जमादार एकमेकाला वळखायला पायजेत. मंग लबाड पळून पळून जाईल कुठं?"

पुढच्या उन्हाळ्यात डोळे अधू झाले म्हणून हट्टा गावी दिलेली लेक त्यांना न्यायला आली. जीप भरत होती. रुक्मिण घाईघाईनं आली आणि तिनं एक नवंकोरं घोंगडं त्यांच्यासमोर धरलं. आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं विणून घेतलेलं.

काका दोन पावलं मागं सरले. "उभ्या नोकरीत कुनाचं काही घेतलं न्हाई. आता लाच घिऊ व्हय?"

"लाच कामाआधी देतेत, काका," रुक्मिण म्हणाली. "काम होऊन साल झालं."

जमादारकाकांनी घोंगडं हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. भर दुपारच्या उन्हात ते घोंगडं त्यांनी दोन्ही खांद्यांवर पांघरून घेतलं आणि घामाघूम होत, ताठ मानेनं जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.